अध्यापन साहाय्य प्रकल्प : विषम सत्र २०२४-२५च्या नोंदी, नागपूर

८ जुलै २०२४, सोमवार

सत्र सुरू. आमच्या अध्यापन साहाय्य कक्षाचे काम असे : प्राध्यापकांच्या वर्गात बसून निरीक्षण करायचे आणि त्यांच्यासोबत शिकवण्यात बदल करून बघायचा. यंदापासून संलग्न महाविद्यालयांतही नव्या शैक्षणिक धोरणाचा आकृतिबंध आला आहे. प्राध्यापकांच्या हातात नवा अभ्यासक्रम, नवे श्रेयांक (क्रेडिट) आणि टिपणे मात्र जुनीच. लेखी विषयाचा १ श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३० तास. २ श्रेयांकांच्या पेपरला ३० तासच मिळतात, त्यामुळे कुणाशीही बोलायला बसले की पहिला प्रश्न एकच येतो : 'पोर्शन पुरा कसा करायचा?' वर्गात काही नवे करा असे सुचवायचे असेल, तर त्या बदल्यात कोणती दहा मिनिटे काढून टाकायची हेही त्याच बैठकीत सांगायचे. नुसती भर घालणारी सूचना द्यायची नाही.

विभाग तीन घेतले : भौतिकशास्त्र, वाणिज्य, मराठी. ज्यांनी स्वतःहून नाव दिले तेच प्राध्यापक. विभागप्रमुखांनी 'यांना जरा सुधारा' म्हणून पाठवलेले नाव घेतले नाही. असे एक जरी आले तरी बाकीच्यांच्या नजरेत हा कक्ष म्हणजे शिक्षेची जागा होतो.

प्रत्येकी एका सत्रात एकच बदल. एकदिवसीय कार्यशाळा ठेवलेली नाही. कार्यशाळेत ब्लूमची उतरंड (शिकण्याच्या पातळ्यांची चढती मांडणी) समजते, चहा होतो, प्रमाणपत्र मिळते. पण पुढच्या मंगळवारी वर्गात प्रश्न फसला की विचारायला जवळ कुणी नसते, आणि गाडी जुन्या रुळावर येते.

१५ जुलै, सोमवार

गोपनीयतेचा कागद आधी केला, निरीक्षण नंतर. कागद एक पानी आहे :

निरीक्षणाची मूळ प्रत प्राध्यापकाकडे राहील. कक्षाकडे झेरॉक्स नाही, मोबाइलमध्ये फोटो नाही. प्राचार्यांना सत्राअखेर फक्त विभागवार बैठकांची संख्या मिळेल, नावे नाहीत. बढतीच्या प्रस्तावाला ती प्रत जोडायची असेल तर ती प्राध्यापकाने स्वतः जोडावी. कक्ष त्यावर सही-शिक्का देणार नाही.

शेवटची ओळ मुद्दाम घातली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत बढतीसाठी अध्यापनाची प्रतवारी नेमून दिलेल्या तासिकांपैकी किती घेतल्या यावर ठरते : ८० टक्के व त्याहून जास्त म्हणजे चांगले, ७० ते ८०च्या आत म्हणजे समाधानकारक, ७०च्या खाली असमाधानकारक. त्या तासिकांत विद्यार्थ्यांना काय आले हा रकानाच नाही. रकाना नाही हे एका परीने बरेच आहे. निरीक्षणाचा कागद त्या फायलीत शिरला की कुणी अवघड प्रश्न विचारून बघणार नाही, सगळे आपला हुकमी धडा निरीक्षणाच्या दिवशी लावतील.

प्राचार्यांची सही झाली. 'निदान कोण येतं तेवढं तरी कळू द्या' असे म्हणणे पडले. नाही म्हटले. हा नकार पहिल्याच आठवड्यात द्यावा. सत्राच्या मधोमध दिला तर काहीतरी लपवताहेत असे वाटते.

२४ जुलै, बुधवार

निरीक्षणाचा तक्ता तयार. मूळ आधार 'कोपस' ही २०१३मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत : दर दोन मिनिटांनी शिक्षक काय करताहेत आणि विद्यार्थी काय करताहेत एवढेच टिपायचे. चांगले-वाईट लिहायचे नाही. मूळ पद्धतीत २५ संकेत आहेत, १३ विद्यार्थ्यांचे, १२ शिक्षकांचे. पहिल्यांदा बसणाऱ्याला ते झेपत नाहीत, म्हणून दहावर आणले.

शिक्षक : बोलतात, फळ्यावर लिहितात, प्रश्न विचारतात, थांबतात, बाकांमधून फिरतात.
विद्यार्थी : ऐकतात, उतरवून घेतात, एकटे सोडवतात, आपसांत बोलतात, उत्तर किंवा प्रश्न देतात.

तासिका ४८ मिनिटांची, म्हणून ओळी बरोबर २४. एका ओळीत एकाहून जास्त खुणा चालतात. उजवीकडे रिकामा रकाना ठेवला आहे. त्यात शिक्षकाचे प्रश्न शब्दशः उतरवायचे. सगळ्यात जास्त उपयोग याच रकान्याचा होतो.

बसायची जागा शेवटच्या बाकाच्या टोकाला, दाराजवळ. पहिल्या दोन ओळी धरायच्या नाहीत, कारण तोपर्यंत अर्धा वर्ग मागे वळून बघत असतो. आदल्या दिवशी १५ मिनिटांची बैठक घ्यायचीच. तिच्यात तीन गोष्टी : उद्या काय शिकवणार, विद्यार्थी नेमके कुठे अडतात, आणि आम्ही कशाकडे बघावे. 'सगळंच बघा' असे उत्तर आले तर पुन्हा विचारायचे. सगळे बघणारा काहीच बघत नाही.

जाता जाता दिसलेली एक गोष्ट. पावसाळ्यात खिडक्या बंद, दिवे कमी, पंखे पाचवर. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही आणि फळ्यावरचे अक्षर दिसत नाही. ढोबळ हिशोब असा की दर १० फुटांमागे किमान १ इंच उंचीचे अक्षर हवे. शेवटचा बाक ३५ फुटांवर असेल तर साडेतीन इंच. हात न उचलता लिहिलेले अक्षर बहुधा याच्या निम्मे भरते. अध्यापनशास्त्राच्या आधी हे बघावे.

२ ऑगस्ट, शुक्रवार

भौतिकशास्त्राच्या प्रथम वर्षाचे पहिले निरीक्षण झाले. नंतरची बैठक ४८ तासांच्या आत. क्रम ठरलेला : तक्ता प्राध्यापकांच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचे. पहिले वाक्य त्यांचे यायला हवे. ते बहुतेक वेळा 'मी फारच बोलतो की' असेच येते, आणि तेच वाक्य आमच्या तोंडून गेले असते तर वाद झाला असता.

उजव्या रकान्यातले प्रश्न एकाखाली एक वाचले :

'समजलं का?' 'हाव सर.' 'पुढं जाऊ?' 'हाव सर.' 'रोध म्हणजे काय? अडथळा. बरोबर?' 'हाव सर.'

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनीच दिले आहे, तेही श्वास न घेता. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत. थांबणे तीन सेकंदांवर नेले की उत्तरे लांबतात, 'माहीत नाही' कमी होते आणि एरवी गप्प राहणारी मुले तोंड उघडतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. फळ्यापुढे उभे राहिल्यावर ते अंगावर येतात.

बदल ठरला तो एवढाच : 'समजलं का' बंद. त्याच्या जागी तासिकेत दोन प्रश्न, आधी घरी लिहून आणलेले, विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजायचे. मोजताना फळ्याकडे पाठ नको आणि डस्टर हातात नको. डस्टर हातात असला की हात पुसायला जातोच. दुसरी थांबण्याची जागा उत्तर आल्यावरची. 'बरोबर' लगेच म्हटले की बाकीच्यांची डोकी तिथेच बंद होतात; आधी 'आणखी कुणाला काय वाटतं?' हे.

१३ ऑगस्ट, मंगळवार

'शेजाऱ्याला पटवा' पद्धत. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१पासून ही भौतिकशास्त्रात वापरली. क्रम असा : बहुपर्यायी प्रश्न, एक-दीड मिनिट एकट्याने विचार, मतदान, मग दोन-तीन मिनिटे शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मतदान, शेवटी खुलासा. पहिल्या मतदानात बरोबर उत्तर साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच चर्चा लावायची. ३०च्या खाली असेल तर पटवून देणाराच वर्गात नाही, संकल्पना पुन्हा सांगावी. ७०च्या वर असेल तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे जावे.

मतदान मोबाइलवर नको ठरले. भिंतीआड नेटवर्क पडते, आणि हातात आलेला मोबाइल मतदानानंतर खिशात परत जात नाही. ए-फोर आकाराचा जाड कागद, दोन घड्या, प्रत्येक चतुर्थांशात अ, ब, क, ड, चार वेगळे रंग. घडी घालून एकच अक्षर दिसेल असे छातीशी धरायचे. डोक्यावर धरले की मागचा बघून बदलतो. सगळ्यांनी एकदम, 'तीन' म्हटल्यावर. पुढे उभ्या माणसाला रंगांवरून अंदाज दहा सेकंदांत येतो, मोजणी लागत नाही. अक्षर किमान दोन इंच. नुसता रंग पुरत नाही, लाल-हिरवा फरक न कळणारा कुणी वर्गात असू शकतो.

प्रश्न बनवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिला मसुदा होता : '४० वॉट, २३० व्होल्टच्या दिव्याचा रोध किती?' सूत्रात आकडे टाकले की १३२२.५ ओहम. याच्यावर चर्चा होत नाही, शेजाऱ्याची वही बघितली जाते. दुसरा मसुदा :

४० वॉट आणि १०० वॉट, दोन्ही २३० व्होल्टचे तंतूचे दिवे एकसर जोडणीत २३० व्होल्टला लावले. जास्त उजेड कुणाचा? (अ) १००चा (ब) ४०चा (क) दोघांचा सारखा (ड) दोन्ही लागणार नाहीत.

यात प्रत्येक चुकीचा पर्याय कुणाच्या तरी डोक्यात खरोखर असतो. 'अ' म्हणणारा घरच्या अनुभवावर चालतो. घरी सगळे दिवे समांतर असतात हे तो विसरतो. 'क' म्हणणाऱ्याला प्रवाह सारखा हे आठवते, पण शक्ती रोधावरही अवलंबून आहे हे सुटते. कुणी निवडणारच नाही असा पर्याय म्हणजे भरती.

वर्गात पहिल्यांदा बहुतेक रंग 'अ'चा दिसला. चर्चेतला तिसऱ्या बाकावरचा तुकडा, ऐकला तसा :

'अबे, शंभरचाच जास्त लागंल ना.'
'काऊन पण? सीरिजमध्ये करंट सेमच राह्यते ना बे.'
'मंग सेमच उजेड.'
'आय स्क्वेअर आर लाव ना. आर कोनाचा जास्त?'

या वर्गाच्या बाई इंग्रजीत शिकवतात, पेपर इंग्रजीत, पण पटवणे या भाषेतच होते. चर्चेच्या तीन मिनिटांत 'इंग्लिश प्लीज' म्हणायचे नाही. वर्गापुढे उत्तर सांगताना मात्र एक पूर्ण इंग्रजी वाक्य मागायचे, कारण परीक्षेत तेच लिहायचे आहे.

हिशोब : रोध १३२२.५ आणि ५२९ ओहम, बेरीज १८५१.५, प्रवाह सुमारे ०.१२४ अँपिअर, शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणून ४०च्या दिव्यात सुमारे २०.४ वॉट, १००च्या दिव्यात सुमारे ८.२ वॉट. प्रत्यक्षात तंतू पूर्ण तापत नाहीत, थंड तंतूचा रोध कमी असतो, त्यामुळे आकडे हलतात. कोण जास्त उजळते ते बदलत नाही. १००चा जेमतेम लालसर होतो.

खुलाशानंतर प्रत्यक्ष दाखवावे. लाकडी पाटी, दोन होल्डर, स्विच, २ अँपिअरचा फ्यूज, तीन पिनांची वायर, जोड सगळे झाकलेले. प्रयोगशाळेतल्या आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या सॉकेटलाच लावायचे आणि दिवे प्लग काढूनच बदलायचे. दुकानात विचारताना 'तंतूचाच, पिवळा बल्ब' असे दोनदा सांगावे. एलईडीच्या आत वेगळे सर्किट असते, त्यावर हा प्रयोग फसतो. सीताबर्डीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारले तर जुना माल निघतो. १००चा न मिळाल्यास ६०चा, पण मग जोडीला १५ किंवा २५चा घ्यावा, म्हणजे फरक मागच्या बाकावरून दिसेल.

एकूण वेळ १२ मिनिटे. त्यासाठी काढून टाकले ते : एकसर-समांतरची व्याख्या तोंडी सांगून उतरवून देणे. पुस्तकात आहे, पान क्रमांक दिला.

२९ ऑगस्ट, गुरुवार

सत्राच्या मध्यावरचा अभिप्राय. सत्राअखेरचा ऑनलाइन फॉर्म वेगळा. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला विद्यार्थी समाधान सर्वेक्षण लागते म्हणून तो भरला जातो, पण त्याचा उपयोग झालाच तर पुढच्या बॅचला. ज्यांनी तक्रार केली ते तोवर पास होऊन गेलेले.

वेळ सातवा-आठवा आठवडा, एका तासिकेतली शेवटची २५ मिनिटे. प्राध्यापक वर्गाबाहेर जातात, कॉरिडॉरमध्येही थांबत नाहीत. चार-पाच जणांचे गट. तीन प्रश्न फळ्यावर :

शिकायला काय मदत करतं? काय आड येतं? काय बदलता येईल, ते कसं?

गटात १० मिनिटे. मग प्रत्येक गटाचा एकेक मुद्दा आमच्यापैकी एकाने फळ्यावर घ्यायचा आणि वर्गाला विचारायचे : 'हे किती जणांना पटतं?' हात मोजायचे. निम्म्याहून कमी हात असतील तर मुद्दा अहवालात 'काहींचे मत' म्हणून. त्यामुळे एका मुलाचा राग आणि सगळ्या वर्गाची अडचण वेगळी होते; छापील फॉर्ममध्ये ती होत नाही.

हमखास घडते ते असे. पहिली पाच मिनिटे सगळे गट 'सर खूप छान शिकवतात' लिहितात. अंतर्गत गुण सरांच्या हातात आहेत, पोरं काही खुळी नाहीत. म्हणून गटांचे कागद गोळाच करायचे नाहीत, हस्ताक्षर ओळखू येते. फळ्यावरचे आम्हीच उतरवतो आणि कागद त्यांच्यासमोर फाडतो. दुसरे, 'छान' म्हणजे काय ते विचारायचे : 'कालच्या तासिकेतलं एक उदाहरण सांगा.' तिथून खरे सुरू होते. मराठीत किंवा हिंदीत बोला असे आधीच सांगावे, नाहीतर बोलणारे तेच तिघे.

आज निघालेले काम करण्याजोगे मुद्दे : फळा पुसायच्या आधी अर्धा मिनिट द्यावा, सूत्रातल्या चिन्हांचे अर्थ दर वेळी कोपऱ्यात राहू द्यावेत, पहिल्या तासिकेला उमरेड आणि कामठीकडून येणाऱ्या बसगाड्या उशिरा लागतात, तर महत्त्वाचे उदाहरण पहिल्या दहा मिनिटांत नको. यातले एकही 'अध्यापन कौशल्य' म्हणून कुठल्या यादीत सापडणार नाही.

पुढच्या आठवड्यात असे सत्र नाही. पोळा, ३ तारखेला तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. महाल-इतवारीकडची मुले येत नाहीत. उरलेल्या हजेरीवर घेतलेला अभिप्राय म्हणजे पुढच्या बाकांचा अभिप्राय.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. मुलेच तासिका घेतात. निरीक्षण नाही, अभिप्राय तर नाहीच.

११ सप्टेंबर, बुधवार

अभिप्रायानंतरची पुढची तासिका चुकवू नये. प्राध्यापकांनी पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगायच्या : हे बदलतो, हे बदलणार नाही आणि कारण असे, हे तुमच्याकडून हवे. आभार एका वाक्यात. सफाई देत बसायचे नाही. काहीच न बोलता पुढचा धडा सुरू केला तर अभिप्राय न घेतलेला परवडला.

भौतिकशास्त्रात अपेक्षित तक्रार आलीच : 'आम्हाला काय विचारता, तुम्हीच शिकवा ना.' प्राध्यापक नाराज, पद्धत सोडायच्या बेतात. त्यांच्यापुढे हार्वर्डमधला २०१९चा अभ्यास ठेवला. तिथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना काही तासिका सफाईदार व्याख्यानाने आणि काही सक्रिय, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवण्याच्या पद्धतीने दिल्या. चाचणीत सक्रिय वर्गात जास्त आले, पण 'मी जास्त शिकलो' असे विद्यार्थ्यांना वाटले ते व्याख्यानानंतर. डोक्याला ताण पडला की आपल्याला येत नाही असे वाटते. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळे आल्यासारखे वाटते. हे वर्गाला सत्राच्या सुरुवातीलाच सांगायचे असते. उशिरा का होईना, उद्या सांगणार.

तक्रारीत एक खरा भागही आहे, तो झटकू नये : चर्चेनंतरचा खुलासा घाईत उरकला जातो. मतदान झाले, बरोबर उत्तर कळले, पण 'अ' का चूक हे फळ्यावर लिहिलेच नाही. खुलाशाला चार मिनिटे राखून ठेवायची, चुकीच्या पर्यायांपासून सुरुवात करायची.

२५ सप्टेंबर, बुधवार

वाणिज्य प्रथम वर्ष. पटावर १२०, स्थिर बाक, बाकावर तिघे. मागे वळून गट होत नाहीत, आणि तीन मिनिटांसाठी उठून बसण्यात पाच जातात. बाकावरचे तिघे हाच गट. मधला बोलतो आणि दोन्हीकडचे ऐकतात, म्हणून उत्तर सांगायला भिंतीकडच्याला उठवायचे.

प्रश्न : एप्रिलमध्ये ५०,००० रुपयांचा माल रोखीने घेतला, सगळा त्याच महिन्यात ८०,०००ला उधारीवर विकला, वसुली जूनमध्ये. दुसरा खर्च नाही. एप्रिलअखेर नफा किती आणि रोख किती हलली? उत्तर : नफा ३०,०००, रोख ५०,०००ने कमी. 'नफा शून्य, कारण पैसे आलेच नाहीत' हा पर्याय ठेवायचाच. इतवारीत दुकान असलेल्या घरातली मुले याच्यावर जोरात भांडतात, आणि उपार्जन तत्त्व (पैसे कधी आले ते नव्हे, व्यवहार कधी झाला ते धरणे) शिकवायला त्या भांडणाइतके चांगले साधन नाही. जीएसटी मुद्दाम घेतला नाही. एका प्रश्नात एकच पेच.

३० सप्टेंबर, सोमवार

मराठी विभाग. कविता शिकवताना आशय आधी सांगितला जातो, मग वर्ग तो उतरवून घेतो. कविता वाचायचे कारणच उरत नाही. बदल : कविता दोनदा मोठ्याने, तीन मिनिटे शांतता, प्रत्येकाने अडलेली एक ओळ अधोरेखित करायची, आवडलेली नव्हे. त्या ओळींवरून तासिका. 'आवडलेली' विचारले की सगळे शेवटची ओळ सांगतात.

९ ऑक्टोबर, बुधवार

दोन टप्प्यांची अंतर्गत चाचणी, भौतिकशास्त्र. १२ला दसरा. दीक्षाभूमीवर येणाऱ्यांमुळे शहर आधीपासून भरते, म्हणून चाचणी आज उरकली.

४८ मिनिटांची विभागणी : एकट्याने २५, पेपर गोळा करायला ३, तीन-चार जणांच्या गटात तोच पेपर १५, उरलेली ५ बसायला-उठायला. गटाला एकच उत्तरपत्रिका. दोन दिल्या की गट फुटतो. एकट्याचे पेपर पूर्ण गोळा झाल्याशिवाय गट करायचे नाहीत, इथे ढिलाई झाली की सगळे गेले. गट आम्ही ठरवलेले, यादी दारावर.

गुण ८५ आणि १५ टक्के. एकट्याचे १०पैकी ६, गटाचे ९ : ५.१० अधिक १.३५, म्हणजे ६.४५. एकट्याचे ९, गटाचे ८ असतील तर हिशोब ८.८५ येतो, तिथे ९च ठेवायचे. गटामुळे कुणाचे गुण कमी होणार नाहीत हा नियम आधी फळ्यावर लिहिला. त्याशिवाय हुशार मुले गटाला तयार होत नाहीत.

हा खटाटोप कशासाठी, तर विद्यापीठाचा पेपर प्राध्यापकांच्या हातात नाही. हिवाळी परीक्षेत मागच्या पेपरांतले प्रश्न फिरून येतात हे मुलांना पाठ आहे, आणि गुण आठवण्याला असतील तर ती समजून घेण्यात वेळ का घालतील? अंतर्गत गुण तेवढे आपल्या हातात. वर्गात चर्चा आणि चाचणीत व्याख्या असे केले तर मुले चाचणीवर विश्वास ठेवतात, वर्गावर नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

विधानसभा निवडणूक जाहीर, मतदान २० नोव्हेंबरला. प्रशिक्षणाच्या आणि नेमणुकीच्या आदेशांनी तासिका विस्कटणार. नवीन निरीक्षण थांबवले. विस्कटलेल्या आठवड्यातला तक्ता प्राध्यापकांविषयी काही सांगत नाही.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा प्रश्न आजच मांडला. त्यांना मानधन घेतलेल्या तासिकेचे. दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात पोचायचे असते, हिंगण्याकडे किंवा त्याहून लांब. त्यांना 'तासिकेनंतर अर्धा तास बसू' म्हणणे म्हणजे फुकट काम सांगणे. पूर्वबैठक, निरीक्षण आणि नंतरची बैठक मिळून दोन तासिकांचे मानधन द्यावे असा प्रस्ताव प्राचार्यांकडे दिला. तोवर त्यांच्यासाठी आखूड प्रकार : निरीक्षण २० मिनिटे, दहा ओळी, तक्ता जागेवरच हातात, चर्चा फोनवर त्यांच्या सोयीने. प्रथम वर्षाचे मोठे वर्ग बहुतेक यांच्याकडेच आहेत. त्यांना वगळून प्रकल्प करण्यात अर्थ नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

फरक मोजायची पद्धत ठरवली. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी, तेच संकल्पना-प्रश्न, गुण मोजायचे नाहीत असे सांगून. वर्गाची वाढ = (उत्तर वजा पूर्व) भागिले (१०० वजा पूर्व). समजा पूर्वसरासरी ४० टक्के, उत्तरसरासरी ५८ : १८ भागिले ६०, म्हणजे ०.३०. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८मध्ये भौतिकशास्त्रातल्या यांत्रिकीच्या ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे असे आकडे मांडले : पारंपरिक वर्गांची सरासरी ०.२३, सहभागी पद्धतीच्या वर्गांची ०.४८. आपले प्रश्न वेगळे, विषय वेगळा, त्यामुळे त्या आकड्यांशी थेट तुलना करायची नाही. आपलीच पुढच्या वर्षीची बॅच हीच तुलना.

दोन ठिकाणी गणित बिघडते. दोन्ही चाचण्या दिलेलेच विद्यार्थी धरायचे. उत्तरचाचणीला कच्ची मुले गैरहजर राहतात आणि सरासरी आपोआप चढते. दुसरे, रोल नंबर घेतला की मुले शेजारच्याचे बघतात, न घेतला तर जोड्या लागत नाहीत. उपाय : प्रत्येकाचा स्वतःचा संकेत, आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्मतारखेचा दिवस आणि मोबाइलचे शेवटचे दोन अंक. दोन्ही वेळा तोच आठवतो.

ही वाढ निष्पत्ती-साध्यतेच्या (अभ्यासक्रमाची उद्दिष्टे किती गाठली याच्या) तक्त्यात भरायला मागितली गेली. दिली नाही. त्या तक्त्यात उंबरठा आपणच ठरवतो, आणि साध्य झाले नाही की पुढच्या वर्षी उंबरठा खाली येतो.

१२ डिसेंबर, गुरुवार

प्राचार्यांना अहवाल, एक पान : विभागवार बैठका, निरीक्षणे, मध्यसत्र अभिप्राय. नावे नाहीत. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या मानधनाचा प्रस्ताव अजून लेखा विभागात, पुन्हा स्मरणपत्र.

१६पासून विधिमंडळाचे अधिवेशन. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले की सीताबर्डीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंतचा रस्ता तुंबतो. त्या आठवड्यातल्या बैठका सकाळी ११च्या आत.

सम सत्रासाठी : कार्डांचे नवे संच, जुन्यांच्या घड्या फाटल्या आहेत, या वेळी लॅमिनेशन घडीच्या जागा सोडून. प्रश्नसंग्रह विभागवार, प्रत्येक प्रश्नाखाली कोणत्या चुकीच्या पर्यायाला पहिल्या मतदानात किती हात गेले त्याची नोंद. मार्चनंतर कूलर लागतात. त्यांच्या आवाजात जोडी-चर्चा चालते, पण वर्गापुढचे उत्तर ऐकू येत नाही. खुलाशाच्या चार मिनिटांपुरता कूलर बंद ठेवायचा, आणि ते काम स्विचजवळच्या बाकाला आधीच नेमून द्यायचे.